दीनाबाई बसत नसत

दीनाबाई साळव्यांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या मागे मागे फिरावं लागे. तुम्ही पाटावर बसून काही सांगायला लागलात की त्या "सांगा, सांगा, कान इकडेच आहे" म्हणत चुलीपाशी जात, तिथून मागच्या दाराला, तिथून पुढच्या पडवीत, आणि पडवीत पोचल्या की कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहत. रस्त्यावर कुणी नसलं तर त्यांना चैन पडत नसे, आणि कुणी असलं तर मुळीच पडत नसे.

रस्ता पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटाकडे जाणारा. कापडे गाव मागे पडलं की एक ओढा लागायचा. ओढ्यापलीकडे, चढ सुरू होण्याच्या आधी, बांधकाम खात्याचं एक कौलारू क्वार्टर होतं. दीनाबाईंचे यजमान त्या रस्त्याचे ओव्हरसीयर. एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली, शेवटशेवटची वर्षं ही. मी तेव्हा कापड्याच्या शाळेत नव्याने शिक्षिका झाले होते.

मी महाडची. वडिलांचं कापडाचं दुकान. एकट्या बाईला खोली द्यायला कापड्यात कुणी तयार होईना. नाही असं कुणी म्हणत नव्हतं. "भात झोडून होऊ द्या, मग बघू" असं म्हणत. शेवटी हेडमास्तरांनी साळवेसाहेबांना विचारलं आणि क्वार्टरमधली टोकाची खोली मला मिळाली. वडील मला पोचवायला आले. त्यांनी दाराची कडी पाहिली, विहीर पाहिली, साळवे मंडळी ख्रिस्ती आहेत हे ऐकलं आणि जाताना हळूच मला म्हणाले, "स्टोव्ह वेगळा ठेव."

तो मी ठेवला. पण तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात स्टोव्हची पिन आत मोडली आणि पोलादपुरातही मिळेना. दीनाबाई खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "कमल, पिन येईस्तोवर उपाशी राहणार आहेस का? पानं घेतलीत." मी गेले. पुढे पिन मिळाली, स्टोव्ह दुरुस्तही झाला, पण त्याच्यावर मी अंघोळीचं पाणी तेवढं तापवत असे. यामागे माझा काही सुधारकी विचार वगैरे नव्हता. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी एकदा खाल्ली की स्टोव्हपुढे उकिडवं बसून आपला भात शिजवणं फार उदास वाटायचं.

दीनाबाई नगरकडच्या. आईबाप साथीत गेले, तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. तिथल्याबद्दल त्या वाईट बोलत नसत. दोन वेळचं अन्न मिळालं, शिवण आलं, वाचायला आलं. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आम्ही रांगेत बसून जेवायचो. ताटलीत येईल ते खायचं आणि उठायचं. अजून वाढू का, असं मला कधी कुणी विचारलं नाही. ते विचारायला मला घर पाहिजे होतं."

पण घर म्हणजे तरी काय, सरकारी क्वार्टर. दर दोन-तीन वर्षांनी बदली. नव्या ठिकाणी गेलं की त्या आधी चूल घालत, मग पडवीत पाण्याचा माठ ठेवत, मग जुन्या लुगड्यांचे पडदे. ट्रंका उघडायच्या राहिलेल्या असत आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक गेलेली असे. दोन्ही मुलं नगरला बोर्डिंगात शिकत होती. ते त्यांना सलत असावं. मुलांचं पत्र आलं की त्या दिवशी भाकऱ्या दुप्पट होत.

आणि या सगळ्याबरोबर कुरकुर. मी अशी कुरकुरी यजमानीण दुसरी पाहिली नाही. घाटातले मजूर, डोंगरातून दूध घेऊन उतरणारा धनगर, बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर, कुणीही आलं की कपाळाला हात. "आता हे कोण? जेवणाच्या वेळेवर बरं पाऊल पडतं लोकांचं. पीठ संपत आलंय, सरपण ओलं, आणि हा बघा, हसतोय." हे म्हणेपर्यंत त्याच्या हातात पाण्याचा तांब्या आणि पुढ्यात ताटली असे. येणाऱ्यालाही सवय झालेली. कुरकुर ऐकू आली नाही तर तो पुढे येत नसे.

साळवेसाहेब अगदी उलट. मोजकं बोलणारे, खाली मान घालून चालणारे. रोज सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. एकदा ते हसत म्हणाले, "दीना, पाहुणचार कुरकुर न करता करावा, असं प्रेषितानं लिहून ठेवलंय."

"त्याच प्रेषिताची सासू तापानं पडली होती ना?" दीनाबाई चुलीपासून म्हणाल्या. "ताप उतरला आणि ती उठून लागली वाढायला. ती काय पुटपुटत होती, ते लिहून ठेवलंय का कुणी?"

साहेबांनी हसून शास्त्र मिटलं.

आसपास चर्च नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी घाटावरून पाळकसाहेब येत. त्या दिवशी पोलादपूरचा कंपाउंडर, महाडची एक नर्स, अशी चार-पाच माणसं जमत आणि पुढच्या खोलीत उपासना होई. दीनाबाई गाणं म्हणत म्हणत भाताखालचं लाकूड मागे ओढत. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, यांचे उघडे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देवाला ठाऊक आहे, भात माझ्यावर टाकलाय."

गावातल्या घरंदाज मंडळींचं मात्र वेगळं होतं. कापड्याचे पाटील रस्त्याच्या कामासाठी साहेबांकडे येत, पडवीत बसत, छान गप्पा मारत. चहा म्हटलं की "आत्ताच घेऊन निघालो." तलाठी आला, तोही आत्ताच घेऊन. दीनाबाई कप परत आत नेत आणि मला म्हणत, "या गावात सगळे आत्ताच चहा घेतलेले असतात. एवढा चहा बाधत कसा नाही यांना?" हे त्या हसत म्हणत. पण कप परत नेताना त्यांची पावलं वाजत.

मी शनिवारी महाडला घरी जाई. नाताळात त्यांनी माझ्याबरोबर करंज्यांचा डबा दिला. आईने तो घरात न नेता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. वडिलांनी संध्याकाळी दुकानातून येऊन दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "आपल्यासारखीच आहे गं." आई म्हणाली, "असेल." डबा धुऊन मात्र तिने परत देताना रिकामा दिला नाही, वर पोहे भरले. दीनाबाईंनी पोहे बघितले आणि विचारलं, "करंज्या आवडल्या का आईला?" मी म्हटलं, "वडिलांना फार आवडल्या." त्यांनी मान हलवली. पुढचं त्यांना समजलं होतं.

त्यानंतरच्या श्रावणात ते घडलं.

दोन दिवस पाऊस धरून बसला होता. शाळेला सुट्टी दिलेली. घाटात माती घसरायला लागल्याचं कळलं म्हणून साळवेसाहेब पहाटेच मजूर घेऊन वर गेले. सकाळी महाबळेश्वरकडून महाडला जाणारी एसटी दरड कोसळायच्या थोडी आधी खाली उतरली, आणि क्वार्टरपाशी येऊन थांबली. पुढे ओढ्याला पूर आला होता. पाणी पुलावरून चाललं होतं. मागे दरड, पुढे पाणी आणि मधे घर एकच, ते दीनाबाईंचं.

माणसं भिजत उतरली आणि पडवीत उभी राहिली. दीनाबाईंनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. "बघ, बघ कशी आली. चिखल बघ पडवीत. कमल, गवती चहा तोड बरं." चेहरा असा की सणच आहे.

चहा उकळत असताना पडवीतून एका गृहस्थांनी विचारलं, "हे ओव्हरसीयरसाहेब म्हणजे कोण म्हणायचे?"

तो प्रश्न आमच्याकडे नावासाठी विचारत नाहीत. दीनाबाई दारात आल्या. पदर नीट केला. "साळवे. आम्ही ख्रिस्ती आहोत. मूळचे नगरकडचे."

त्यांनी आवाज खाली आणला नाही, चढवलाही नाही. मी कप घेऊन बाहेर गेले. ड्रायव्हर-कंडक्टरने चहा घेतला. मुंबईहून सुट्टीवर आलेले दोन तरुण होते, त्यांनी घेतला. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "आपल्याला चलता है. मुंबयला कोण इचारतो? सगळा मिक्स हाय." बाकीच्यांनी नुकताच घेतला होता. कुठे घेतला असेल? घाटात?

दुपार झाली. ओढा उतरेना. मुलं रडायला लागली. एक म्हातारी होती, उमरठची, चांगल्या शेतीवाडीच्या घरातली. सगळे तिला काकी म्हणत. वाईकडे लेकीला भेटून नातवाला घेऊन परत निघाली होती. नातू पाच-सहा वर्षांचा. तो आमच्या दाराशी येऊन चुलीकडे बघत उभा राहिला. दीनाबाईंनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. काकीने येऊन त्याची मूठ उघडली, खडा काढून घेतला. फेकला मात्र नाही. हातात धरून उभी राहिली.

"राग नको धरू गो बाय," ती म्हणाली. "पोर उपाशी हाय, ठावं हाय मला. पण माज्यानं व्हायाचं नाय. जल्म गेला असाच."

दीनाबाई आत गेल्या. मला वाटलं, रडतील. तर त्या स्वयंपाकघरात इकडून तिकडे चालत राहिल्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मग थांबल्या. शेणाचा गोळा घेऊन चूल सारवली. फळीवरचं पितळेचं मोठं पातेलं काढलं, राखेने घासलं, आणि मागच्या दारी पन्हळीखाली नेऊन ठेवलं. कौलांवरचं पाणी त्यात पडायला लागलं. मग त्या पडवीत आल्या.

"काकी, चूल सारवून दिलीय. तांदूळ पोत्यात आहेत, तुम्ही हाताने काढून घ्या. कुळथाचं पीठ डब्यात आहे. पाणी आभाळातलं, मी शिवलेलं नाही. तुम्ही रांधा आणि सगळ्यांना वाढा. मी बाहेर बसते."

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुज्याच घरात तू भाईर?"

"पोराला भूक लागलीय," दीनाबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. वळचणीचं पाणी पायावर उडत होतं. आत काकी आणि आणखी एक बाई कामाला लागल्या. दीनाबाईंना बसवेना. हात सारखे हलत होते. लाकूड जास्त पुढे सरलं की यांचा हात आपोआप मागे येई. शेवटी राहवेना.

"काकी, डावीकडच्या वैलावर धूर होतो. लाकूड मागे ओढा."

"ओढलं गो. हळद कुठं ठेवलीस?"

"फडताळात, चिनी मातीच्या बरणीत."

"ही होय? रंग बरा हाय."

"नगरची आहे. आणि मीठ जरा हात सोडून घाला, एवढ्या माणसांना पुरायचं नाही."

"माज्या हातच्या मिठाला आजवर कुणी नाव ठेवलं नाय," काकी म्हणाली, आणि दोघी हसल्या. एक चुलीपाशी, एक उंबऱ्याबाहेर. मी मधे बसून दोघींकडे बघत होते.

पंगत पडली. चहा प्यालेले मुंबईचे दोघे आता कप कुठेतरी सारून पंगतीत बसले होते. त्याच सुमाराला साळवेसाहेब घाटातून परतले. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगभर लाल चिखल. ते पुढच्या दाराने आले नाहीत, गर्दी बघून मागे वळले, आणि पायरीवर भिजत बसलेली बायको त्यांना दिसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उघड्या दारातून चुलीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग फावडी-घमेली ठेवायच्या शेडमध्ये जाऊन उभे राहिले.

संध्याकाळच्या आत पाणी पुलाखाली गेलं. निघताना काकीने चूल पुसली, भांडी घासून पालथी घातली, आणि दोन ताटं वाढून झाकून ठेवली. गाडीत चढताना दीनाबाईंना म्हणाली, "उमरठास ये गो कदी. घर इचार, कुणीबी दावील."

गाडी गेली. साहेब आत आले. इतक्या हळू आवाजात भांडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"माझ्या बापाने गावकुसाबाहेरचं घर सोडलं, दीना. शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, पण सोडलं. ते मी माझ्या बायकोला तिच्याच घराबाहेर बसवावं म्हणून?"

"तुम्ही नाही बसवलं. मी बसले."

"ते जास्त वाईट."

"मला कळत नाही का?" दीनाबाईंचा आवाज फाटला. "प्रश्न विचारला तेव्हा मला कळलं. गूळ काढून घेतला तेव्हा कळलं. पण ते पोर दारात उभं होतं, अहो. मी आधी त्यांना शहाणं करत बसू का? तोवर भात कोण घालणार?"

"त्यांनी आपल्याला ताट वाढून ठेवलंय," साहेब म्हणाले. "देता येतं त्यांना. घेता येत नाही." आणि ते न जेवता झोपले.

दीनाबाईंनी आपलं ताट उचललं. उभ्या उभ्याच खाल्लं. अर्धं झाल्यावर मला म्हणाल्या, "मीठ कमी आहे. मी सांगत होते." आणि मग ओच्याने डोळे पुसले.

त्यानंतर जे झालं ते मला त्या दिवसापेक्षा जास्त जड गेलं. दीनाबाईंची कुरकुर बंद झाली. माणसं येत होती, खात होती, जात होती. पाणी, ताटली, भाकरी सगळं वेळेवर. पण एक शब्द नाही. धनगर एकदा मला म्हणाला, "बाय आजारी हाय का?" रस्त्याकडे बघत उभं राहणंही गेलं. त्या जास्तच फिरू लागल्या. सारवलेलं परत सारवत, घासलेलं परत घासत. साहेबांनाही ते सहन होत नसावं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "आज कुरकुर नाही?" दीनाबाईंनी आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

दिवाळीनंतर पाळकसाहेब आले. उपासना झाल्यावर दीनाबाईंनी सगळ्यांसमोर त्यांना ती हकीकत सांगितली आणि विचारलं, "मी केलं ते बरोबर की चूक?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांचे डोळे भरून आले. "दीनाबाई, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तुम्ही तेच केलंत."

साळवेसाहेब कधी पाळकांपुढे बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "पाय धुतले, पाळकसाहेब. पण धुऊन तो बाहेर नाही गेला. परत त्यांच्याबरोबर जेवायला बसला."

दीनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. 'जेवायला बसला' एवढंच त्या परत म्हणत होत्या.

पौषात एका रविवारी, मी महाडला गेले नव्हते तेव्हा, त्या मला म्हणाल्या, "उमरठला येतेस?"

पोलादपूरपर्यंत एसटीने गेलो. पुढे थोडी बैलगाडी मिळाली, उरलेली वाट पायी. वाटेत त्या अखंड बोलत होत्या, पण कशासाठी चाललोय ते नाही. घर कुणीही दाखवलं. मोठं अंगण, रुंद ओटी, ओटीवर भाताची कणगी. काकीने आम्हाला पाहिलं आणि धावतच आली. "आली गो! पोरा, बघ कोण आली!" तिने ओटीच्या कडेला घोंगडी अंथरली. तिला खरंच आनंद झाला होता. आत सुनांची लगबग ऐकू आली.

मग चहा आला. माझा बशीसकट, पितळी ताटलीत. दीनाबाईंचा कप सुनेने अंगणाकडच्या कोनाड्यातून काढला होता. कान तुटलेला. मी पाहिलं, काकीने पाहिलं, दीनाबाईंनीही पाहिलं. त्यांनी कप घेतला आणि हळूच जमिनीवर ठेवला.

"काकी, मी तहानलेली आहे," त्या म्हणाल्या. "चालत आले. पण या कपातून नाही प्यायचे. तुम्हाला माझ्या घरात जमलं नाही, मी समजून घेतलं. मला हे जमत नाही, तुम्ही समजून घ्या. मी बसते."

आणि त्या बसल्या. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. ही बाई अशी बसू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मी माझा चहा प्याले नाही. तो तसाच निवला. काकी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. आतून एका म्हाताऱ्या पुरुषाचं खोकणं आणि "कोण हाय?" ऐकू आलं. ऊन ओटीवरून सरकून कणगीवर गेलं. दीनाबाईंचे ओठ सुकले होते. त्या नातवाशी बोलत होत्या, शाळेत जातोस का, बाराखडी येते का. काकीची मात्र दशा बघवत नव्हती. दारात आलेलं माणूस तहानलेलं बसलंय, हे तिच्या आयुष्यात कधी झालं नसेल. ती आमच्याशी बोलता बोलता उठे आणि उगाच केरसुणी हलवी.

शेवटी ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आत बोलणं चाललं होतं. कुणाचा तरी आवाज चढला. मग ती आली. हातात पितळेचं तपेलं आणि दोन कप, घरातले, निळ्या काठाचे. ती आमच्यासमोर घोंगडीवर बसली. तपेल्यातला चहा दोन्ही कपांत ओतला. एक दीनाबाईंपुढे सरकवला, दुसरा स्वतः उचलला.

"आत न्यायाला ह्ये घर माजं नाय, बाय," ती म्हणाली. "सासरा हाय, दीर हायत, भावकी हाय. मी रांधते, पर घर त्येंचं हाय. मला भाईर येता येतंय. ती मी आलेय."

दीनाबाईंनी कप उचलला. दोघी प्याल्या. आतून कुणी बाहेर आलं नाही. दारामागे सुना उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या.

"घर कुणाचं असतं, काकी?" कप खाली ठेवत दीनाबाई म्हणाल्या. "माझंही सरकारचं आहे."

निघालो तेव्हा काकी अंगणाच्या टोकापर्यंत आली. पुढे त्या दोघी कधी भेटल्या की नाही, मला माहीत नाही. त्या घरात काकीला त्या संध्याकाळी काय ऐकावं लागलं, तेही माहीत नाही. आम्ही पोलादपूरला माझ्या ओळखीच्या शिक्षिकेकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने कापड्याला आलो.

साहेब पडवीत वाट बघत होते. "आत नेलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. ती बाहेर आली."

साहेब रस्त्याकडे बघत राहिले. "तुझ्याबरोबर बसली?"

"बसली. चहा प्याली. काय तो चहा, साखरेचा पाक नुसता. दूध धुरकटलेलं. आणि हे काय, माठ रिकामा? मी एक रात्र नाही तर माठ रिकामा? कुणी तहानलेलं आलं असतं म्हणजे?"

साहेबांनी मान खाली घातली. हसू लपवायची त्यांची तीच रीत होती.

दीनाबाईंनी त्या श्रावणात केलं ते बरोबर होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. कधी साळवेसाहेबांचं पटतं. अस्पृश्यताबंदीचा कायदा झालेला होता, देश स्वतंत्र झालेला होता, आणि एक बाई आपल्या घरात कुणी जेवावं म्हणून आपल्याच घराबाहेर बसली होती. ते चित्र आठवलं की आजही मला बसवत नाही. कधी त्या पोराची रिकामी केलेली मूठ आठवते आणि वाटतं, दुसरं काय करायला हवं होतं? मी त्या दिवशी दोघींच्या मधे बसून होते, पण उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. खानदेशात कुठेतरी. दीनाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "क्वार्टर रस्त्यापासून किती लांब आहे?" साहेबांना माहीत नव्हतं. मग त्या दिवसभर त्यांच्यावर चिडल्या.

ट्रक आला तेव्हा मी शाळेत जायला निघालेच होते. सामान चढलं. धनगर, मजूर, गावातल्या दोन-तीन बायका आल्या होत्या. पाटीलही आले, साहेबांशी हस्तांदोलन केलं. दीनाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, "जेवत जा वेळेवर, सांडगे ठेवलेत तुला," एवढं म्हणून ड्रायव्हरकडे वळल्या, कारण त्याने पाटा-वरवंटा ट्रंकेवर ठेवला होता. केबिनमध्ये दोघांना बसायला जागा केली होती. ट्रक ओढ्याचा पूल ओलांडून गावाच्या दिशेने निघाला.

मी मागून चालत होते. ट्रक थोडं पुढे जाऊन थांबला. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा, डोक्यावर ओझं, हातात काठी, पोलादपूरच्या बाजाराला चाललेला. दीनाबाई खाली उतरल्या होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. ड्रायव्हर जागा नाही म्हणत असावा. त्यांचे हातवारे दिसत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने साळवेसाहेब उतरले. काही न बोलता त्यांनी म्हाताऱ्याचं ओझं उचलून मागे टाकलं, त्याला हाताला धरून केबिनमध्ये आपल्या जागेवर बसवलं आणि फळीवर पाय देऊन मागे सामानात चढले. दीनाबाई क्षणभर तिथेच उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्याही मागे गेल्या. साहेबांनी हात दिला. दोघं एका वळकटीवर शेजारी शेजारी बसले.

ट्रक सुरू झाला. दीनाबाई साहेबांना काहीतरी सांगत होत्या, ते ऐकत होते. इंजिनच्या आवाजात मला काही कळलं नाही. म्हाताऱ्याला केबिनमध्ये काठी कुठे ठेवावी ते सुचलं नसावं. वळणापर्यंत खिडकीतून बाहेर आलेलं तिचं टोक दिसत राहिलं.